कस आणि भाव : समाजाचे शास्त्र कितपत विज्ञान आहे?

रायपूरचा सदर बाजार हा मुख्यतः सराफांचा बाजार आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड हा भोसल्यांच्या राज्याचाच भाग होता; तेव्हा मराठी वाचकाला हे शहर सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. या बाजारातील कोणत्याही पेढीवर एखादे गिऱ्हाईक जुना दागिना मोडण्यासाठी घेऊन आले, म्हणजे दोन प्रश्न विचारले जातात. सोने किती कसाचे आहे, हा पहिला. आणि आज भाव काय आहे, हा दुसरा. रोजच्या व्यवहारात हे प्रश्न इतक्या सहजपणे एकामागून एक येतात, की ते दोन निराळ्या जातींचे प्रश्न आहेत याकडे कोणाचे लक्ष जात नाही. समाजशास्त्रे आणि निसर्गविज्ञाने यांच्यातील नात्याविषयी गेली पावणेदोनशे वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे बीज मात्र या दोन प्रश्नांच्या फरकातच सापडते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर काळ्या दगडावर मिळते. दागिना कसोटीवर घासून रेघ काढायची, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ काढायची, दोन्हींवर आम्लाचा थेंब टाकायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. आता क्ष-किरणांची यंत्रे आली आहेत; ती हेच काम अधिक नेमकेपणाने करतात. बावीस कॅरटच्या सोन्यात हजार भागांत सुमारे ९१६ भाग शुद्ध सोने असते. ते तेवढे असावे अशी गिऱ्हाइकाची कितीही इच्छा असली, सराफाचे मत काहीही असले, तरी दगडावरच्या रेघेत फरक पडत नाही. उद्या पृथ्वीवरील सर्व माणसांना सोन्याचा विसर पडला, तरी त्या धातूची घनता पाण्याच्या एकोणीसपटीहून अधिकच राहील.

भावाचे तसे नाही. सोन्याचा भाव सोन्याच्या आत कोठेही नसतो. तो माणसांच्या अपेक्षांत, भीतीत, लग्नसराईच्या तिथींत, रुपया व डॉलर यांच्या विनिमयात आणि इतर लोक उद्या काय करतील याविषयीच्या प्रत्येकाच्या अंदाजात असतो. म्हणून तो खोटा ठरतो काय? मुळीच नाही. ज्या घराला आजारपणासाठी पाटल्या मोडाव्या लागतात, त्या घराच्या दृष्टीने भाव हा दगडाइतकाच कठीण असतो; एकट्या माणसाच्या इच्छेने तो गुंजभरही हलत नाही. सामाजिक वस्तूंचे वैशिष्ट्य नेमके हेच आहे. त्या माणसांच्या मान्यतेवर उभ्या असतात, पण कोणत्याही एका माणसाला जुमानत नाहीत.

गुंजेचा उल्लेख आलाच आहे, तर क्षणभर तेथे थांबू. गुंज हे एका वेलीचे लाल-काळे बी आहे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे सोनाराचे जुने कोष्टक. बी निसर्गाने दिले, आणि निसर्गाच्या रीतीप्रमाणे एक बी दुसऱ्याच्या बरोबर वजनाचे कधीच नसते. सर्वांनी मान्य केलेली ‘एक गुंज’ हे माप मात्र माणसांनी ठरवले. तोळा सुमारे ११·६६ ग्रॅमचा होता. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान वजने आली आणि तोळा व्यवहारातून जाईल असे वाटले. शब्द गेला नाही. आज बाजारात ‘तोळा’ म्हटले की बहुधा दहा ग्रॅम समजले जातात. वस्तूचे वजन बदलले नाही, पण वजनाच्या नावाने आपला अर्थ बदलला, आणि कोणाची त्यात फसवणूक झाली नाही, कारण हा बदल सर्वांनी मिळून स्वीकारला.

समाजाचा अभ्यास निसर्गाच्या अभ्यासाच्या नमुन्यावर करता येईल, ही आशा युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बळावली. न्यूटनने ग्रहांच्या गती मोजक्या नियमांत बसवल्या होत्या. मग माणसांच्या समुदायांचेच नियम का सापडू नयेत? ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताने प्रथम ‘सामाजिक भौतिकी’ हे नाव योजिले. बेल्जियमच्या केतले यानेही तेच वापरले, म्हणून कोंतने ‘समाजशास्त्र’ हे नवे नाव घडवले. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मानवी व्यवहाराचे शास्त्र शक्य आहे, पण ते भरती-ओहोटीच्या शास्त्रासारखे असेल, असे मत मांडले. चंद्रसूर्यांचे आकर्षण हे मुख्य कारण ठाऊक असते. पण एखाद्या विशिष्ट बंदरात पाणी नेमके किती चढेल हे वारा, किनाऱ्याचा आकार अशा अनेक स्थानिक गोष्टींवर अवलंबून असल्यामुळे अंदाज ठोकळ राहतो. ही उपमा चांगली आहे, मात्र ती अर्धीच लागू पडते. भरतीच्या पाण्याने कधी भरतीचे कोष्टक वाचलेले नसते.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्याचा रोख याच मुद्द्यावर होता. इंग्रज राज्यकर्ते अभिजात अर्थशास्त्राचे सिद्धान्त पदार्थविज्ञानाच्या नियमांसारखे सर्व देशांना आणि सर्व काळांना लागू मानीत. त्या सिद्धान्तांच्या मुळाशी असलेली गृहीतके रानड्यांनी एकेक करून पुढे मांडली : प्रत्येक मनुष्य केवळ स्वहित पाहतो, भांडवल व श्रम हवे तिकडे मोकळेपणाने वळतात, करार करणारे दोन्ही पक्ष समबल असतात. या देशात, जेथे कुटुंब व जात व्यक्तीहून प्रबळ आहेत आणि रूढी स्पर्धेहून प्रबळ आहे, तेथे ही गृहीतके उभीच राहत नाहीत, असे त्यांनी दाखवले. रानड्यांनी शास्त्राचा धिक्कार केला असे समजणे चुकीचे होईल. त्यांची मागणी अधिक शास्त्राचीच होती. नियम सांगताना तो कोणत्या परिस्थितीत खरा आहे हेही सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. पदार्थवैज्ञानिक तरी दुसरे काय करतो? पाणी शंभर अंशांवर उकळते, पण समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला, हे तो सांगतोच.

जर्मनीत त्याच सुमारास निराळी बाजू मांडली जात होती. विल्हेल्म डिल्टाय याने १८९४ मध्ये असे प्रतिपादन केले की, निसर्गाचे आपण स्पष्टीकरण करतो, पण मानवी जीवनाचे आपल्याला आकलन व्हावे लागते. ढग का गडगडतो हे बाहेरून सांगता येते. एखादी स्त्री आपले मंगळसूत्र सर्व दागिन्यांच्या शेवटी का विकते, हे त्या मंगळसूत्राचा अर्थ कळल्यावाचून सांगता येत नाही. फ्रान्समध्ये एमिल द्युरखेम याने १८९५ मध्ये उलट आग्रह धरला : सामाजिक तथ्यांकडे वस्तू म्हणून पाहा, कारण ती व्यक्तीच्या बाहेर असतात आणि व्यक्तीवर दडपण आणतात. माक्स वेबरने दोन्ही बाजूंचे म्हणणे एकत्र बांधण्याचा प्रयत्न केला. कृतीचा अर्थ समजून घ्यायचा, आणि त्या समजुतीच्या आधारे कारण शोधून ते पुराव्याने तपासायचेही. या दोन पायऱ्यांपैकी एक गाळली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशाच्या अलीकडच्या इतिहासात आहे. सदर बाजारासारख्या प्रत्येक बाजारपेठेला ते भोवले, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

१९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. देशातील सोन्याचा भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि त्या फरकाच्या आशेने चोरटी आयात चाले. जानेवारी १९६३ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांच्या आधारे सुवर्णनियंत्रण जाहीर केले. त्यातील सर्वांत गाजलेली तरतूद अशी की, यापुढे चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडवता येणार नाहीत. तिच्यामागील तर्क अंकगणिताचा होता. बावीस कॅरटच्या दागिन्यात शेकडा सुमारे ९२ भाग सोने असते, चौदा कॅरटच्या दागिन्यात ५८. दागिने तेवढेच घडले तरी सोन्याची मागणी तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटेल. शिवाय कमी कसाच्या दागिन्यांचे आकर्षण ओसरेल आणि सोन्याचा मोहच हळूहळू सुटेल, अशीही अपेक्षा होती.

धातूविषयी हे गणित बिनचूक होते. माणसांविषयी ते लागू पडले नाही. घडवलेला दागिना ही येथील कुटुंबाच्या लेखी निव्वळ शोभेची वस्तू नसते. ते स्त्रीधन असते. कायद्याने वा रूढीने जमीन जिच्या नावावर फारशी येत नसे, अशा स्त्रीची ती स्वतःची ठेव असते. बँक कोसावर आणि सावकार दारात अशा गावी तो विमा असतो. अडचणीच्या दिवशी कोणत्याही पेढीवर ज्याचा कस विनातक्रार मान्य होईल तेच सोने ही कामे करू शकते. चौदा कॅरटचा दागिना दिसायला चांगला असेल, टिकायला अधिक कणखरही असेल, पण त्याच्यावर ठेव म्हणून कोणाचा विश्वास नव्हता. लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. जुने दागिने जपले गेले, उघड व्यवहार आखडला आणि छुपा व्यवहार चालू राहिला. या साऱ्याचा भार पडला तो सोनारांवर. पिढ्यान्‌पिढ्या हातोडी-भट्टीवर जगणारे लाखो कारागीर एकाएकी बेकार झाले. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या त्या काळी वृत्तपत्रांतून येत राहिल्या, आणि सरकारला त्यांच्या पुनर्वसनाच्या योजना आखाव्या लागल्या. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट मागे घेण्यात आली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा पुढे बराच काळ राहिला. १९९० च्या अर्थसंकल्पात तो रद्द करण्याची घोषणा मधु दंडवते यांनी केली. दंडवते हे अर्थमंत्री होण्यापूर्वी अनेक वर्षे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते, हा एक मौजेचा योगायोग.

या प्रसंगाचा अर्थ ‘माणसाचे वर्तन नियमांत बसत नाही’ असा काढला जातो. तो बरोबर नाही. १९६३ मध्ये लोक नियमबाह्य वागले नव्हते. उलट, सोन्याचा त्यांच्या जीवनातील उपयोग ज्याला ठाऊक होता, असा कोणताही खेड्यातला सोनार त्यांचे वर्तन आधीच सांगू शकला असता. दिल्लीच्या गणितात एक राशी वगळली गेली होती, आणि ती राशी म्हणजे गिऱ्हाइकाच्या दृष्टीने त्या वस्तूचा अर्थ. हा अर्थ कारणांच्या साखळीत तापमान वा दाबाइतकाच खरा दुवा आहे. तो मोजायला अवघड आहे, एवढ्यावरून त्याला शून्य मानणे अशास्त्रीय आहे.

येथे मूल्यांचाही प्रश्न उभा राहतो. दागिन्यांत अडकलेले सोने हे ‘अनुत्पादक’ आहे, असे त्या काळच्या अर्थशास्त्रीय लिखाणात सर्रास म्हटले जाई. हे विधान वरवर कसोटीच्या रेघेसारखे निर्विकार भासते. परंतु उत्पादक कोणासाठी? राष्ट्राच्या ताळेबंदात जे निष्क्रिय पडून असते, तेच एखाद्या विधवेच्या घरात तिच्या निर्वाहाचे शेवटचे साधन असू शकते. समाजशास्त्रज्ञाने आपली मूल्ये दाराबाहेर ठेवून यावे, असा उपदेश केला जातो; पण कित्येकदा ती त्याच्या शब्दांतच आत आलेली असतात. वेबरला याची जाणीव होती. कोणता प्रश्न विचारायचा हे आपली मूल्ये ठरवतात, उत्तर मात्र पुराव्याने ठरले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. ती आजही व्यवहार्य वाटते.

समाजशास्त्रांना ‘खरी’ विज्ञाने न मानण्याची जी नेहमीची कारणे दिली जातात, त्यांपैकी पुष्कळशी पोकळ आहेत. प्रयोग करता येत नाहीत, हे एक कारण. पण खगोलशास्त्रज्ञालाही ताऱ्यावर प्रयोग करता येत नाही. विषय गुंतागुंतीचा आहे, हे दुसरे. हवामानही गुंतागुंतीचेच आहे. खरा भेद निराळा आहे. भाताच्या पेरणीकडे डोळे लावून बसलेल्या छत्तीसगडात पाऊस कमी पडेल असे वेधशाळेने सांगितले, तर त्या सांगण्याने ढगांच्या वर्तनात बदल होत नाही. पण तांदळाचा किंवा सोन्याचा भाव वाढणार असे लोकांना पटले, की ते आज खरेदी करतात आणि त्यामुळेच भाव वाढतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९४८ मध्ये या प्रकाराचे विवेचन करताना एका सुस्थितीतील बँकेचे कल्पित उदाहरण घेतले : बँक बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात, आणि बँक खरोखरच बुडते. मुळात असत्य असलेले भाकीत स्वतःला सत्य करून घेते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तर हा भेद सर्वांनी अनुभवला. पाचशे व हजार रुपयांच्या नोटा मध्यरात्रीपासून व्यवहारातून रद्द झाल्याचे जाहीर झाले. कागद तोच होता, शाई तीच होती. कोणत्याही प्रयोगशाळेला बारा वाजण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोटेत अणूचाही फरक दाखवता आला नसता. तरीही एका घोषणेने तिचे सामाजिक अस्तित्व संपले. त्या रात्री देशातील अनेक शहरांत लोक सराफांच्या दुकानांकडे धावले, ते रद्द होणाऱ्या कागदाच्या बदल्यात कोणाच्याही घोषणेने कस न गमावणारी वस्तू मिळवण्यासाठी. अर्थात सोन्याचा कस शाबूत राहिला, तरी त्या सोन्याचा भाव हीसुद्धा मान्यतेचीच वस्तू होती. पण घाईच्या वेळी एवढा विचार कोण करतो?

अर्थ आणि माप यांची सांगड घालता येते काय? या प्रश्नाला मराठी मातीतल्याच एका संशोधकाने प्रत्यक्ष काम करून उत्तर दिले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे मूळचे गोव्याचे, व्यवसायाने गणितज्ञ. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना त्यांना एखादा प्रत्यक्ष विषय हवा होता, आणि तो त्यांना प्राचीन भारताच्या आहत नाण्यांत सापडला. ही चांदीची नाणी तक्षशिलेच्या उत्खननात साठ्यांच्या रूपाने सापडली होती. १९२४ मध्ये मिळालेल्या साठ्यात एक हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांच्यासोबत अलेक्झांडरचीही नाणी असल्यामुळे त्या साठ्याचा काळ ठरवता येत होता. आहत नाण्यांवर राजाचे नाव नाही, मिती नाही; दर्शनी बाजूवर पाच ठसे आणि मागल्या बाजूवर काही बारीक खुणा, एवढेच.

कोसंबींचा युक्तिवाद असा. टाकसाळीतून निघताना एका प्रकारची नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. व्यवहारात हाताळली गेल्याने ती झिजतात, म्हणजे त्यांचे सरासरी वजन घटते. आणि प्रत्येक नाणे सारखेच फिरत नसल्यामुळे वजनांतील परस्परभेद वाढत जातो. ही गोष्ट गृहीत न धरता त्यांनी चालू व्यवहारातील आधुनिक नाणी जमवून, टाकसाळीचे साल ठाऊक असलेली अशी ती नाणी तराजूवर तोलून, तपासून घेतली. मग प्राचीन नाण्यांची वजने मागील खुणांच्या संख्येनुसार लावून पाहिली. खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी. तेव्हा या खुणा एकाच वेळी मारलेल्या नसून, नाणे व्यवहारात असताना वेळोवेळी त्याची तपासणी करणाऱ्यांनी, म्हणजे आजच्या सराफांच्या पूर्वसुरींनी, उमटवलेल्या असल्या पाहिजेत. ज्या चिन्हांवर विद्वानांनी नाना तर्क केले होते, ती चिन्हे या रीतीने नाण्याच्या वयाची नोंदवही ठरली, आणि नाण्यांच्या गटांना कालानुक्रमे लावण्याचे एक साधन हाती आले.

येथे तराजू, सरासरी, विचलन ही सर्व साधने निसर्गविज्ञानाची आहेत. परंतु जमिनीत पुरलेले नाणे झिजत नाही. झीज वर्षे मोजत नाही, ती हस्तांतरे मोजते. आणि हस्तांतरांवरून वर्षांकडे जायचे, तर त्या समाजात तपासणीची नियमित प्रथा होती असे मानावे लागते. शिवाय माणूस जड नाणे जपून ठेवतो आणि हलके खर्चतो, त्यामुळे बाजारात फिरणाऱ्या नाण्यांची निवडही मानवी शहाणपणाने आधीच झालेली असते. धातूची झीज हा निसर्गनियम. पण ती झीज वाचता येण्यासाठी देवघेव, लबाडी, तपासणी आणि विश्वास या गोष्टींचे ज्ञान हवे. कोसंबींजवळ दोन्ही होती. १९५६ च्या आपल्या भारतीय इतिहासावरील ग्रंथात त्यांनी या नाण्यांचा जो उपयोग केला, त्यात ही जोड स्पष्ट दिसते.

अर्थात माप निश्चित झाले म्हणून अर्थाविषयीचा वाद मिटतोच असे नाही. तक्षशिलेच्याच नंतरच्या साठ्यातील नाण्यांत तांब्याची भेसळ पुष्कळ वाढलेली आढळते, वजने अधिक विषम होतात आणि मागील खुणा विरळ होत जातात. कोसंबींनी त्यावरून मौर्यांच्या उत्तरकाळात चलनावर प्रचंड ताण पडल्याचा निष्कर्ष काढला. रोमिला थापर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशोकावरील ग्रंथात याच भेसळीचा दुसरा अर्थ सुचवला : व्यापार वाढल्यामुळे चांदीची मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली असेल, आणि तसे असेल तर भेसळ हे ऱ्हासाचे लक्षण ठरत नाही. नाण्यातील तांब्याचे प्रमाण किती, याविषयी दोघांत वाद नाही. तो प्रयोगशाळेने सोडवला आहे. वाद आहे तो ते तांबे कोणत्या गरजेने आत आले याविषयी, आणि तो सुटण्यासाठी व्यापारी मार्गांवरील वस्त्या, त्या काळची बांधकामे, शिलालेखांतील दाने आणि निरनिराळ्या ठिकाणचे साठे यांचा पुरावा शेजारी ठेवून पाहावा लागतो.